सुपर() म्हणजे बाप नव्हे

प्रिय,

काल रात्रीचा तुझा मेसेज वाचला. मिक्सिन (दुसऱ्या क्लासमध्ये मिसळायचा छोटा क्लास) लावूनही लॉगिन न करता पान उघडतंय, म्हणजे जँगोतच, पायथनच्या त्या वेब फ्रेमवर्कमध्येच, बिघाड असणार, असं तुझं म्हणणं. बिघाड जँगोत नाही. क्लास लिहिताना तू कंसात आधी लिस्टव्ह्यू (यादीचं पान दाखवणारा क्लास) टाकलंयस आणि नंतर लॉगिनरिक्वायर्डमिक्सिन (लॉगिन तपासणारं मिक्सिन). दोन्हींच्या जागा बदल, पान लगेच लॉगिन मागेल.

पण तेवढ्यावर थांबू नकोस. हीच चूक मी केली होती, आणि पगाराच्या याद्यांचं एक पान तीन दिवस कुणालाही दिसत होतं. एरर नाही, लॉगमध्ये अक्षर नाही. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

आपल्याला इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याच्या मेथड वारशाने घेणं, शिकवतात तो वंशवृक्षासारखा. त्यामुळे सुपर() दिसलं की ‘बापाला विचार’ असंच डोक्यात येतं, आणि एकच बाप असेपर्यंत ते खपूनही जातं. पायथन मात्र त्या वृक्षाची आधी एक सरळ रांग लावतं. तिला एमआरओ (मेथड रिझोल्यूशन ऑर्डर) म्हणतात. सुपर() म्हणजे त्या रांगेत माझ्यानंतर जो उभा आहे तो. रांग लावायची सी-थ्री ही पद्धत पायथनमध्ये 2003 साली, 2.3 आवृत्तीत आली. मूल नेहमी बापाच्या आधी, आणि कंसात डावीकडे असलेला उजवीकडच्याच्या आधी. दोन्ही एकदम पाळता येत नसतील तर क्लास तयारच होत नाही, टाइपएरर येते.

आता तुझी रांग बघ. लिस्टव्ह्यू, मग त्याचे सगळे पूर्वज, त्यांच्या शेवटी व्ह्यू, आणि त्याच्याही मागे तुझं मिक्सिन. रिक्वेस्ट आली की डिस्पॅच, म्हणजे ती रिक्वेस्ट हाताळायला घेणारी मेथड, कुणाकडे आहे हे पुढून शोधलं जातं. ते व्ह्यूकडे सापडतं, आणि व्ह्यूच्या डिस्पॅचमध्ये सुपर() नाहीच. शोध तिथंच संपतो. पहारेकरी आहे, पण तिजोरीच्या मागच्या बाजूला.

आज वेळ काढून त्या मिक्सिनचा सोर्स उघड. डिस्पॅचमध्ये लॉगिन तपासून झालं की ते सुपर().डिस्पॅचला हाक मारतं. पण त्याचा बाप अ‍ॅक्सेसमिक्सिन, आणि त्याच्याकडे डिस्पॅच नावाची मेथडच नाही! नुसता तेवढा कोड वाचला तर चूकच वाटेल. ती हाक जाते व्ह्यूकडे, ज्याच्याशी या मिक्सिनचं काही नातं नाही. नातं जुळतं ते तू दोघांना एका कंसात आणल्यावर. मिक्सिन लिहिणाऱ्याला आपल्या पुढे कोण येणार हे ठाऊक नसतं, तरी हाक पुढे पोचवायची जबाबदारी त्याचीच. म्हणून स्वतःचं मिक्सिन लिहिशील तेव्हा सुपर() विसरू नकोस, आणि इनिट (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारी मेथड) लिहावंच लागलं तर आपल्या कामाचे नसलेले क्वार्ग्स (नावानिशी आलेली आर्ग्युमेंट्स) तसेच पुढे दे. शक्यतो इनिट नकोच.

रूबीत हीच रांग जास्त उघडपणे दिसते. इन्क्लूड केलेलं मॉड्यूल क्लास आणि त्याचा बाप यांच्या मधोमध बसतं, प्रीपेंड केलेलं क्लासच्याही आधी.

मिक्सिन हा शब्द कुठून आला माहीत आहे? मॅसॅच्युसेट्समधल्या समरव्हिलच्या स्टीव्ह्ज आइस्क्रीमच्या दुकानातून. तिथं साध्या आइस्क्रीममध्ये सुकामेवा, बिस्किटांचे तुकडे कालवून देत. एमआयटीच्या लिस्प मशीनवरच्या फ्लेवर्स या पद्धतीने तो शब्द उचलला. मला हे मूळ आवडतं, पण तेच फसवतंही. कालवताना काय आधी टाकलं याने चवीत फरक पडत नाही, इथं पडतो.

जागा बदलल्यावर लॉगिन न करता त्या पानाला रिक्वेस्ट पाठवणारी एक टेस्ट लिही. उत्तर 302, म्हणजे लॉगिनच्या पानाकडे वळवणारा कोड, यायला हवं. मग नावं पुन्हा उलटी करून ती टेस्ट फेल होते का तेही बघ. आणि शेलमध्ये तुझ्या क्लासवर .एमआरओ() चालवून येईल ती यादी मला पाठव. प्रत्येक नावापुढे तिथं डिस्पॅच आहे की नाही, एवढं हाताने लिहून.

तुझा,
दादा