मानसशास्त्रात एम.ए. करण्यासाठी सहा लाखांचं कर्ज काढावं का? पगारातून फिटतं का?

मुलीला पुण्यातल्या खासगी विद्यापीठात मानसशास्त्रात एम.ए. करायचंय, दोन वर्षांची फी ६ लाख, नोकरी लागल्यावर कर्ज फिटेल का, असं तुम्ही विचारलंय. आकडाही माझाच, शहरही माझंच, म्हणून लिहायला बसले. नाहीतर अशा प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

फिटतं. माझं अजून फिटतंय.

२०१६ साली मी कर्ज घेतलं. गाव वाळवा तालुक्यात, वडील शाळेत क्लार्क. बँकेतल्या साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "म्हणजे हे वेड्यांचं शास्त्र ना? डॉक्टर होणार का शेवटी?" नाही म्हटल्यावर चेहरा पडला आणि म्हणाले, जामीनदार आणा. मोठे मामा आले. ऊस तोडणीला आलेला, तरी तोडणीवाल्यांना निरोप ठेवून, इस्त्रीचा सदरा घालून, पिशवीत सातबारा घेऊन आले. एक ओळ वाचली नाही. "भाचीचं हाय न्हवं? कुठं करू सही?"

केंद्राच्या शैक्षणिक कर्ज हमी योजनेखाली (सीजीएफएसईएल) साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला आईवडिलांपलीकडचा जामीनदार मागायचा नसतो, हे मला चार वर्षांनी कळलं. तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा. साहेबाने मागितला तर योजनेचं नाव घ्या आणि नकार लेखी मागा.

आता हिशोब. शिकत असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र थांबत नाही. मी दोन वर्षांत तीन-तीन लाख उचलले, दर १०.५ टक्के. पहिला हप्ता जायच्या वेळेला आकडा ७ लाख ५७ हजारांवर गेला होता. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता १०,२००. सगळे मिळून सव्वाबारा लाख. फीच्या दुप्पट.

आणि पगार? एका इंग्रजी शाळेत समुपदेशक म्हणून लागले, १८,०००. नाव समुपदेशक, पण ज्या दिवशी बाई रजेवर त्या दिवशी सातवी ब चा ऑफ तास माझ्याकडे. भूगोलाचं पुस्तक हातात देऊन पाठवायचे. एकदा एक मुलगी माझ्यासमोर रडायला लागली होती आणि शिपाई दारात उभा, "मॅडम, वर्गावर." कर्वेनगरला तिघींत एक खोली, माझ्या वाट्याला ५,५००. हप्ता आणि भाडं गेलं की उरायचे २,३००, आणि मेसच्या काकूंचे २,६००. फरक वडील पाठवायचे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर ८०ई खाली आयकरात सूट मिळते असं सगळे उत्साहाने सांगायचे. १८,००० वर कर लागतच नव्हता, सूट कशातून घेऊ?

मग २०२० आलं. जूनमध्ये शाळेने सांगितलं, मुलं घरी आहेत, समुपदेशकाची गरज नाही. रिझर्व्ह बँकेची हप्तेसवलत ऑगस्टपर्यंत होती, तेवढे महिने निभावलं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर हे तीन हप्ते चुकले. मी कोणालाच सांगितलं नाही. बँकेतून फोन यायचे, मी नंबर सायलेंटवर टाकायचे. लोकांना 'बोला, मोकळे व्हा' सांगणारी मी. डिसेंबरमध्ये ऑनलाइन काम मिळालं आणि थकलेलं सगळं भरून टाकलं. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये मामा ट्रॅक्टर घ्यायला इस्लामपूरला शोरूममध्ये गेले. नारळ, हार, पेढे बरोबर. मामींनी हळदीकुंकवाची वाटीसुद्धा नेली होती. फायनान्सवाल्या पोराने कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवला आणि म्हणाला, "काका, तुमच्या सिबिलला एक शिक्षणाचं कर्ज थकलेलं दिसतंय." सोसायटीचं पीककर्ज दर वर्षी ३१ मार्चच्या आत भरणारा माणूस. मामांना आधी वाटलं, पोरगा दुसऱ्याच कोणाचं वाचतोय. जामीनदाराच्या नावावरही ते कर्ज दिसतं आणि थकलं की त्याचीही पत जाते, हे सही करताना कोणी सांगितलं नव्हतं. पेढे शोरूममध्येच वाटून आले. नंतर जुना ट्रॅक्टर रोखीने घेतला, मामींच्या पाटल्या मोडून.

त्यावर मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दोन महिन्यांनी घरच्याच वास्तुशांतीला, पंगतीत, सगळ्यांसमोर म्हणाले, "मानसशास्त्र शिकली म्हणं पोरगी. आमचं मन कवा वाचायची?" सगळे हसले. मग नेहमीचं, "डी.एड. केली असती तर एव्हाना कायम झाली असती."

आता डी.एड.चं तेवढं सांगतेच, कारण पंगतीत मला बोलता आलं नव्हतं. २०१२ ला राज्यात शिक्षकभरती थांबली. माझ्या दोन वर्गमैत्रिणी डी.एड. करून वर्षानुवर्षं शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसल्या. एकीने शेवटी इस्लामपुरात शिलाईचं दुकान काढलं. तेव्हा मामा, हप्ते चुकले म्हणून टोमणा मारलात तो शंभर टक्के खरा. विषयाबद्दल बोललात ते खोटं.

विषय चुकला नाही. चुकलं ते हे, की कर्ज चुकीच्या पायरीवर घेतलं. माझी एक मैत्रीण मुंबई विद्यापीठात, कालिनाच्या विद्यानगरीत, हाच विषय शिकली. दोन वर्षांची फी हजारांत. वर्ग कोंदट, पंखा आवाज करणारा, आणि शिकवणारी माणसं अशी की आमच्या काचेच्या इमारतीत एकही नव्हतं. कर्ज शून्य. म्हणून ती पुढे एम.फिल. क्लिनिकल, म्हणजे मानसिक आजारांवरच्या उपचारांचं शिक्षण, करू शकली. एम.फिल. म्हणजे दोन वर्षं पूर्ण वेळ, रुग्णालयात, नोकरी करून जमत नाही. ते झालं, भारतीय पुनर्वास परिषदेत (आरसीआय) नोंदणी झाली, की 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लावता येतं. नुसत्या एम.ए. वर नाही. ती आता रुग्णालयात आहे आणि तिचा पहिलाच पगार माझ्या तेव्हाच्या पगाराच्या अडीचपट होता.

मीही २०२१ मध्ये एम.फिल. साठी एका संस्थेत मुलाखतीपर्यंत पोचले होते. निवड झाल्याचा मेल आला तेव्हा बसमध्ये होते. मेल वाचला आणि दुसऱ्याच मिनिटाला कॅल्क्युलेटर उघडला. २४ गुणिले १०,२००. मामांचं नाव पुन्हा त्या पोराच्या कॉम्प्युटरवर आणायचं नव्हतं. नाही म्हणून कळवलं.

म्हणून तुम्हाला सांगते, एम.ए. ला कर्ज काढू नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग बघा, कालिना बघा. घरून शिकायला पूर्वी इग्नू होतं, पण २०२५ पासून मानसशास्त्राच्या दूरशिक्षणाला नवे प्रवेश बंद केलेत.  कर्ज काढायचंच असेल तर नोंदणी मिळवून देणाऱ्या अभ्यासक्रमासाठी काढा. मुलगी म्हणेल, तिथे कॅम्पस चांगला आहे, प्लेसमेंट आहे. प्लेसमेंट म्हणजे कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर, हातात किती, हे मागच्या बॅचच्या दोन मुलींना फोन करून विचारा. माहितीपत्रकातला सर्वाधिक पगाराचा आकडा वाचूच नका.

हे सगळं लिहून झाल्यावर आठवलं ते. माझा पहिला पगार २०१८ चा आहे, आता शाळांत थोडं बरं मिळतं. आमच्या बॅचमधल्या ज्यांनी औद्योगिक मानसशास्त्र घेतलं आणि कंपन्यांच्या एचआरमध्ये गेल्या, त्यांनी कर्ज केव्हाच फेडलं; तुमच्या मुलीचा ओढा तिकडे असेल तर माझा अर्धा हिशोब लागू नाही. एम.फिल. बद्दलही नियम बदललेत. यूजीसीने क्लिनिकलच्या एम.फिल. ला २०२५-२६ पर्यंतच मुभा दिली होती आणि त्याच्या जागी नव्या पदव्या आणल्या जाताहेत, तेव्हा परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्य संस्थांची यादी पाहिल्याशिवाय कुठेही एक रुपया भरू नका. आणि मी आज कोल्हापुरात स्वतःचं काम करते, तासाला ८००, महिन्याचे चाळीस-पंचेचाळीस हजार सुटतात. पावसाळ्यात लोक येत नाहीत, तेव्हा कमी.

एवढं सांगूनही तुम्ही तिथेच घालणार असाल आणि बँकेने जामीनदार मागितलाच, तर तो कोण आहे? त्याला यंदा काही घ्यायचंय का, ते विचारून घ्या.