सभेत बोलू दिले नाही, मग हरकत कुठे घ्यायची?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या विकास योजनेत खेळाच्या मैदानासाठी आरक्षित असलेला भूखंड निवासी करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आयत्या वेळचा विषय म्हणून मंजूर झाला. आम्ही प्रेक्षक कक्षात होतो, पण आम्हाला बोलू दिले नाही. आता सारे संपले काय? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : संपलेले नाही, किंबहुना ज्या ठिकाणी तुमचे म्हणणे ऐकून घेणे नगरपरिषदेला बंधनकारक आहे, तिथवर हे प्रकरण अजून पोचलेलेच नाही. सभा नागरिकांनी पाहावी म्हणून खुली असते, परंतु तीत बोलण्याचा अधिकार सदस्यांचा असतो. त्यामुळे अध्यक्षांनी तुम्हाला थांबवले, यात बेकायदा काही नाही. एवढा महत्त्वाचा विषय आयत्या वेळी का आणला, हे मात्र नगरसेवकांना अवश्य विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जाद्वारे सभेचे इतिवृत्त मागवलेत, तर सूचक कोण, अनुमोदक कोण आणि कोणाचा विरोध नोंदला गेला, हेही कळेल.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार असा फेरबदल करण्यापूर्वी नगरपरिषदेला राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून कोणाही व्यक्तीकडून हरकती मागवाव्या लागतात, आणि त्यासाठी सूचनेच्या तारखेपासून एक महिन्यापर्यंत मुदत असते. त्यानंतर बाधित व्यक्तींची सुनावणी घेऊन प्रस्ताव राज्य शासनाकडे जातो व शासनाच्या मंजुरीशिवाय आरक्षण बदलत नाही. म्हणून सूचनेवर लक्ष ठेवा, कारण वर्तमानपत्रात ती निविदांच्या गर्दीत बारीक अक्षरात येते आणि तिच्यात मैदानाचे नाव नसून केवळ सर्व्हे क्रमांक व आरक्षण क्रमांक असतो. हे दोन्ही क्रमांक भाग नकाशावरून (विकास योजनेतील तुमच्या भागाच्या नकाशावरून) आजच उतरवून घ्या.

चारशे सह्यांचे एकच निवेदन अनेकदा एकच हरकत म्हणून नोंदले जाते, त्यापेक्षा चाळीस स्वतंत्र अर्ज बरे. ‘मुलांनी खेळायचे कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे, पण सुनावणीत तेवढ्याने भागत नाही. प्रभागात दुसरे मैदान किती अंतरावर आहे, शेजारच्या शाळेला स्वतःचे पटांगण आहे का, आणि मूळ योजनेत हे आरक्षण कोणत्या गरजेपोटी टाकले होते, ते लिहा. प्रत्यक्ष सुनावणीची मागणी अर्जातच करा आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

एक गोष्ट आधीच तपासा. जमीनमालकाने याच अधिनियमाच्या कलम 127 खाली खरेदी सूचना, म्हणजे ‘आरक्षित जमीन आता ताब्यात घ्या’ अशी नोटीस, दिली आहे काय? अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नसेल, तर मालक अशी सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी ठोस पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. तसे असेल तर हरकतीपेक्षा नगरपरिषदेने संपादनासाठी तरतूद करावी, हा आग्रह तातडीचा ठरतो. मैदाने अशी मुदत उलटून निसटतात, तेव्हा सभागृहात कोणाला हातही वर करावा लागत नाही.

न्यायालयाचा मार्ग शेवटचा, पण तो बंद नाही. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा परिसरातील रहिवाशांनीच दाद मागितली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. तिथवर जावे लागलेच, तर तुमच्या हातातली ती पोच पहिला कागद म्हणून जोडावी लागेल.