तुरुंगपटात कोण बोलते, कशाबद्दल बोलत नाही?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ दाखवला. नंतरच्या चर्चेत काहींचे म्हणणे पडले की, यात बायकांना जागा नाही आणि कृष्णवर्णीय मुख्य पात्र एकच आहे, म्हणून प्रतिनिधित्वाच्या कसोटीवर चित्रपट नापास ठरतो. पुरुषांच्या तुरुंगाच्या गोष्टीत बायका आणायच्या कुठून, असे इतरांनी विचारले. मला यावर निबंध लिहायचा आहे. मोजमाप कसे करावे? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : डोकी मोजून सुरुवात करायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नका. कथा १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील मेन राज्याच्या तुरुंगात सुरू होते. त्या काळी मेनची ९९ टक्क्यांहून अधिक वस्ती गोरी होती, त्यामुळे नुसत्या संख्येवरून चित्रपटाला खोटे ठरवता येणार नाही.

खरा प्रश्न चित्रपटातल्या रेड या कृष्णवर्णीय कैद्याचा आहे. स्टीफन किंग यांच्या १९८२ च्या मूळ दीर्घकथेत रेड हा तांबड्या केसांचा आयरिश माणूस आहे. १९९४ च्या चित्रपटात दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँट यांनी ती भूमिका मॉर्गन फ्रीमन यांना दिली आणि ‘तुला रेड का म्हणतात?’ या प्रश्नाचे ‘मी आयरिश आहे म्हणून असेल’ हे उत्तर मात्र गंमत म्हणून तसेच ठेवले. संपूर्ण कथा रेडच्या आवाजात ऐकू येते, म्हणजे गोऱ्या नायकाची गोष्ट सांगण्याचा अधिकार कृष्णवर्णीय माणसाकडे आहे; हे मोठेच देणे आहे. मात्र भूमिका देताना त्या माणसाचा भूतकाळ दिलेला नाही. १९२० च्या दशकात जन्मठेप झालेल्या या तरुणाचा खटला कुणापुढे चालला, त्याने कुणाला मारले, हे आपल्याला कळत नाही. वीस, तीस आणि चाळीस वर्षांनंतर त्याच्या मुदतपूर्व सुटकेच्या सुनावण्या होतात. पहिल्या दोन वेळा कागदावर नकाराचा शिक्का पडतो आणि त्या नकारात त्याच्या रंगाचा काही वाटा असेल का, ही शंकासुद्धा चित्रपट मनात येऊ देत नाही. अमेरिकेच्याच अलाबामा राज्यातल्या तुरुंगांमधील वर्णभेद तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो १९६८ मध्ये, आणि चित्रपटाची कथा जवळजवळ त्याच सुमारास संपते. माझ्या मते ही चुप्पी संख्येपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

बायकांबद्दल तुमच्या मित्रांचा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. कोठडीत बाई नसणार, हे मान्य; पण कैद्यांच्या आया, बायका, मुली तुरुंगाबाहेर असतातच, आणि त्या इथे जवळजवळ नाहीत. नायकाची पत्नी सुरुवातीलाच मारली जाते. रिटा हेवर्थ, मेरिलिन मन्रो आणि रॅकेल वेल्च यांची भित्तिचित्रे एकामागून एक नायकाच्या कोठडीच्या भिंतीवर लागतात, आणि त्यांच्यामागे त्याने पळून जाण्यासाठी खणलेले भुयार लपते. शिवाय मोत्झार्टच्या संगीतनाटकातले दोन स्त्रियांचे आवाज ध्वनिक्षेपकावरून अंगणात उतरतात, सगळे कैदी जागच्या जागी थबकतात, आणि त्या काय गात होत्या हे मला माहीत नाही, असे रेड सांगतो. चित्रपटातला सर्वांत सुंदर प्रसंग स्त्रियांच्या आवाजावर उभा आहे, तरी त्या स्त्रिया चित्रपटात कुठेच नाहीत, याची नोंद निबंधात अवश्य घ्या.

आणखी एक गोष्ट, जी अशा चर्चांत हटकून राहून जाते : म्हातारा कैदी. पन्नास वर्षांनी सुटलेला ग्रंथपाल ब्रूक्स बाहेरच्या जगात तग धरू शकत नाही आणि गळफास घेतो. त्या वृद्धाला चित्रपटाने पुरेसा वेळ दिला आहे. रेडला ज्या खोलीत पुढे राहावे लागते, ती ब्रूक्सचीच. तिथल्या तुळईवर ब्रूक्सने कोरलेले नाव तेव्हाही दिसते.