टेबलावरच्या खेळातल्या २८ मिमी मिनिएचरसाठी (छोट्या पुतळ्यांसाठी) पुठ्ठ्याचं मॉड्युलर टेरेन, म्हणजे सुट्या भिंती जोडून उभा करायचा देखावा, घरी बनवलं, पण भिंती वाकतात. काय करू?

भिंतीचं चित्र छापलेला कागद तुम्ही पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला चिकटवला असणार. फेविकॉलने ओला झालेला कागद ताणतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत कागद लावा, फेविकॉलमध्ये पाणी घालू नका आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. वाकलेल्या भिंतींनाही मागून कागद लावून बघा, बऱ्याच सरळ होतात.

पुठ्ठा बाइंडिंगचा, २ मिमीचा घ्या. जोडणीसाठी एका भिंतीला वरून, दुसरीला खालून अर्ध्या उंचीपर्यंत खाच पाडा. खाचेची रुंदी मात्र कागद चिकटवून वाळल्यावरच मोजा. नुसत्या पुठ्ठ्याच्या मापाने कापलेली खाच इतकी घट्ट बसते की दोन-चार खेळांत कडा फुलतात. मी उरलेला तुकडा घालून बघतो. बोटाच्या हलक्या दाबाने सरकला की माप बरोबर. असं पुठ्ठ्याचं टेरेन विकणाऱ्या ब्रिटनच्या बॅटल सिस्टम्स कंपनीच्या संचांत जोडणीसाठी प्लास्टिकच्या क्लिपा येतात, पण घरी खाचच सोपी.

दोन खाचांमधलं अंतर नेहमी ३ इंचांच्या पटीत ठेवा, म्हणजे कुठलीही भिंत कुठेही लागते. कापलेल्या कडा राखाडी मार्करने रंगवाच. पांढरी रेघ गेली की दगडी भिंत खरंच दगडी दिसते!