पथ्य, वीकेंड आणि "मला काहीही चालेल"

"पथ्य आहे ना, म्हणून बाहेर जायलाच नको वाटतं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याने शनिवार-रविवारचा विषय काढला की पुढचं मला साधारण कळतंच. कारणं वेगवेगळी असतात, कुणाला सिलिॲक हा आतड्याचा आजार आहे, कुणाला पोटाच्या त्रासासाठी लांबलचक यादी मिळालीय, कुणी वजनासाठी स्वतःच सगळं बंद केलंय, पण गाऱ्हाणं एकच. मित्रमंडळींबरोबर दोन दिवस एखाद्या शहरात जायचं, भरपूर चालायचं, म्युझियम, सायकल, रात्री एखादा शो, आणि या सगळ्यात खायचं काय? मग एकतर माणूस जातच नाही, नाहीतर जातो आणि दोन दिवस फोनवर मेन्यू वाचत बसतो.

त्यातल्या दोघांबद्दल लिहिते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि समुपदेशनाच्या बऱ्याच सेशन्समधलं इथे चार संवादांत बसवलंय, प्रत्यक्षात एवढं पटापट काही होत नसतं.

ती तिशीच्या आतली, सिलिॲक असलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात गहू, बार्ली, राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते, आणि पथ्य आयुष्यभराचं असतं. "थोडंसं चालतं" हा प्रकार इथे नाही. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतलं तरी आतड्यावर परिणाम दिसल्याचं अभ्यासात आलंय, आणि पावाच्या एका स्लाइसमध्ये त्याच्या कित्येक पट असतं. म्हणजे चुरासुद्धा मोजावा लागतो. त्यामुळे ती आली तेव्हाच मी ठरवलेलं की पथ्याला हात लावायचा नाही, ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांचं काम.

"मॅडम, मी सगळ्यांचा मूड घालवते."

"असं कुणी म्हणालं?"

"म्हणत नाही कुणी. पण दिसतं ना."

मी तिला म्हणलं, मागचा वीकेंड सांग, जसा झाला तसा. ती छान बोलत होती, बराच वेळ बोलली. कुठल्या हॉटेलात वेटरला ग्लुटेन म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, कुठे सॅलडवर नको ते टाकून आणलं, कोणी काय काय मागवलं, रात्री खोलीवर येऊन तिने सुकामेवा कसा खाल्ला. सगळं तपशीलवार. मग मी विचारलं, "आणि दिवसभर पाहिलंत काय काय?"

ती थांबली. "एक जुनी इमारत होती... कसली तरी. छान होती बहुतेक."

त्या इमारतीत ती दोन तास फिरली होती!

इथे लोकांना वाटतं की आपलं मन कमकुवत आहे, सारखा खाण्याचाच विचार करतंय. मी आधी हा गैरसमज काढते. अमेरिकेत 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात संशोधक ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला होता. ते स्वतःहून तयार झालेले. त्यांचं खाणं 24 आठवडे साधारण निम्म्यावर आणलं, आणि शिवाय आठवड्याला 22 मैल चालायचं. हे धडधाकट लोक हळूहळू अन्नाशिवाय दुसरं बोलेनात, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, माणसांत मिसळेनात, चिडचिडे झाले. तिचा वीकेंड म्हणजे काही उपासमार नव्हे, पण सकाळपासून जवळजवळ रिकाम्या पोटी दहा-बारा किलोमीटर तुडवल्यावर डोक्यात त्या इमारतीचं नक्षीकाम कुठून राहणार? भुकेलं शरीर आधी अन्न शोधतं. हे ऐकून तिला बरं वाटलं, पण एवढ्याने प्रश्न सुटत नव्हता, कारण भूक लागणार हे तिलाही माहीत होतं, तरी ती तयारीने का जात नव्हती?

मग एका सेशनला मी अगदी साधा प्रश्न विचारला. "जेवायला कुठे जायचं हे तुमच्यात ठरतं कसं?"

"ग्रुपवर विचारतात."

"तू काय लिहितेस?"

"मी लिहिते, मला काहीही चालेल, तुम्ही ठरवा."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने फक्त तेच वाक्य परत म्हणलं, तिच्याच सुरात. मला काहीही चालेल.

आधी ती हसली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. "मॅडम, मला तर जवळजवळ काहीच चालत नाही."

या क्षणाची मी वाट बघत होते हे मान्य करते. अशा वेळी घाईने समजावायला लागलं की सगळं वाया जातं, त्यामुळे आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या बसून होतो. नंतर तीच बोलायला लागली. सकाळी डबा भरून घ्यायचा असतो पण बॅगेतून डबा काढला की सगळ्यांना दिसणार, म्हणून घेत नाही. हॉटेलला आधी फोन करता येतो पण मग जागा मी सुचवल्यासारखी होणार, म्हणून करत नाही. वेटरला विचारायचं असतं पण सगळे ऑर्डर द्यायला थांबलेले असतात, म्हणून विचारत नाही, आणि शेवटी "मला भूक नाहीये". ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की ही मुलगी दोन कामं करतेय, एक पथ्य पाळणं आणि दुसरं, पथ्य पाळतोय हे लपवणं. पहिल्या कामात तडजोड नाही, ते आतड्यासाठी आहे. पण दुसरं कुठल्याच डॉक्टरांनी लिहून दिलेलं नव्हतं आणि दमवत होतं ते हेच.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास सुरू केलेल्या वाटेने. (एलिस यांनी स्वतः कित्येक दशकं मधुमेह सांभाळला, त्यामुळे पथ्याचं म्हणणं त्यांना चांगलंच ठाऊक असणार असं मला नेहमी वाटतं.) त्यांचं सांगणं असं की इच्छा ठेवा, पण इच्छेचा हट्ट झाला की त्रास सुरू होतो. "माझ्यामुळे कुणाची गैरसोय होऊ नये" ही छान इच्छा आहे. "माझ्यामुळे कुणाची कधीही, जराही गैरसोय होताच कामा नये" हा हट्ट, आणि हा हट्ट धरून चार माणसांबरोबर राहताच येत नाही.

"तुझ्या मैत्रिणीचा पाय प्लॅस्टरमध्ये असता तर तू वरच्या मजल्यावरचं हॉटेल शोधलं असतंस?"

"नाही."

"तिने मूड घालवला असं वाटलं असतं?"

"नाही. पण ते... वेगळं ना."

"कसं वेगळं?"

उत्तर आलं नाही, मी मागितलंही नाही.

होमवर्क असा दिला की पुढच्या वेळी सगळ्यांच्या देखत वेटरला तीन प्रश्न विचारायचे, आवाज खाली न आणता. या तळणीच्या तेलात आणखी काय तळता? सॉसमध्ये गहू आहे का (सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा असतो, पुष्कळांना माहीतच नसतं)? माझ्यासाठी वेगळा स्वच्छ तवा आणि चमचा घ्याल का? लाज वाटली तर वाटू दे, लाजेने कोणी मरत नाही, हे बघायलाच तर हा होमवर्क.

परत आली तेव्हा सांगत होती, "एकजण वैतागला खरा."

"मग?"

"मग काय, पाच मिनिटांनी तोही खात होता."

पुढे तिने बरंच काही स्वतःच बसवलं, ते इतरांच्याही कामाचं आहे म्हणून सांगते. दिवस आखताना ती आता आधी जेवायची एक खात्रीची जागा शोधते आणि फिरणं त्याच्या अवतीभवती लावते, सगळे नेमकं उलटं करतात. फोन करायचा तर गर्दीच्या वेळी नाही, दुपार उलटल्यावर, स्वयंपाकघरातला माणूस तेव्हा नीट बोलतो. शक्यतो स्वयंपाकघर असलेली खोली घेते, सकाळी पोटभर खाऊनच निघते, आणि बॅगेत एका पूर्ण जेवणाइतकं काहीतरी असतंच, बिस्किटाच्या पुड्यावर दिवस काढायचा नाही. आणि ग्रुपवर पहिल्याच दिवशी एक ओळ: मला हे-हे चालत नाही, दुपारची जागा मी ठरवते, रात्रीची तुम्ही ठरवा, मी माझं खाऊन येऊन नुसती बसेन. यातला "नुसती बसेन" हा भाग तिला सगळ्यात जड गेला. पण टेबलावर बसण्यासाठी खावंच लागतं असं थोडंच आहे, गप्पांना ग्लुटेन नसतं. पथ्याच्या यादीतला एक शब्दही न बदलता तिचे वीकेंड बदलले, याचं मला अजून समाधान आहे.

आता दुसरा. चाळिशीतला, आजार काही नाही, वजनासाठी स्वतःच ठरवलेलं कडक डाएट. त्याचंही म्हणणं हेच, वीकेंड म्हणजे संकट. पण त्याचं औषध अगदी उलटं निघालं, आणि म्हणूनच "पथ्यात वीकेंड कसा घालवावा" या प्रश्नाला मी कुणालाही सरसकट उत्तर देत नाही.

"सोमवार ते शुक्रवार एकदम परफेक्ट असतो मॅडम. शनिवारी दुपारी एक घास चुकीचा गेला की संपलं. रविवार रात्रीपर्यंत काय काय खाल्लं ते आठवतही नाही."

"तो घास आणि रविवार रात्र, मधल्या वेळात निर्णय कोण घेत होतं?"

"कोणीच नाही. म्हणलं सोमवारपासून परत सुरू."

हा काही त्याचा एकट्याचा स्वभाव नाही. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. एरवी खाण्यावर ताबा न ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. डाएटवाल्यांनी जास्त! नियम मोडलाच आहे तर आता काय, हा हिशोब. म्हणजे त्याच्या बाबतीत बांध फुटत होता तो नियम कमी पडला म्हणून नाही, नियमाला जरासुद्धा ढील नव्हती म्हणून. तिला मी ढील देऊ शकत नव्हते, त्याला द्यायलाच हवी होती. शनिवारी काय खायचं आणि किती हे त्याने शुक्रवारीच, आहारतज्ज्ञांशी बोलून ठरवायचं, म्हणजे तो घास नियम मोडून नाही, नियमात बसून खाल्लेला असेल. आणि रविवारी "भरपाई" म्हणून जास्तीचं चालायचं नाही. याला तो खूप दिवस तयार नव्हता. पण शिक्षा म्हणून चालणाऱ्या माणसाला शहर दिसत नाही, त्याला घड्याळावरची पावलं दिसतात.

आता काही सूचना, या टाळू नका. यादी कुठून आली आणि अजून लागू आहे का हे एकदा विचारून घ्या. पोटाच्या त्रासासाठी देतात ते लो-फॉडमॅप डाएट (पोटात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं कमी करणारं) ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी बसवलेलं, त्याचा कडक टप्पा साधारण दोन ते सहा आठवड्यांचा, नंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा असतो, पण वर्षानुवर्षं तीच कडक यादी घेऊन फिरणारी माणसं मी बघितलीयत. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर दिवसभराच्या चालण्याने साखर रात्रीसुद्धा उतरू शकते, डोसचं निघायच्या आधी डॉक्टरांशी बोला, आणि खिशात पटकन विरघळणारी साधारण 15 ग्रॅम साखर हवीच, घेतल्यावर 15 मिनिटांनी परत तपासायचं. आणि चालणाऱ्या पदार्थांची यादी कोणी न सांगता आपोआप आखूड होतेय, वजन उतरतंय, पाळी चुकतेय, बेत रद्द झाला की सुटल्यासारखं वाटतंय, असं असेल तर प्रश्न वीकेंडचा नाही. "शुद्ध" खाण्याच्या या ध्यासाला अमेरिकन डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी 1997 मध्ये ऑर्थोरेक्सिया असं नाव दिलं. तिथे डॉक्टर आणि समुपदेशक दोघंही लागतात, आणि लवकर.

बरोबर जाणाऱ्यांनाही थोडं सांगते. "एक दिवस खाल्लं तर काय होतंय" हे म्हणू नका, काय होतं ते त्या माणसाने भोगलेलं असतं. दर दहा मिनिटांनी "तुला चालेल ना?" असंही नको, त्याने माणूस पेशंट होऊन बसतो. जेवायची जागा ठरवताना ज्याला सगळ्यात कमी चालतं त्याला आधी विचारा, आणि तो "काहीही चालेल" म्हणाला तर एकदा परत विचारा.