हाताला मुंग्या, अडकणारं बोट आणि सगळ्यावर ‘वात’

प्रश्न : वय ४६. घरात चार म्हशी, दोन्ही वेळची धार मीच काढते. वर्ष झालं उजव्या हाताला मुंग्या येतात, रात्री त्यानंच जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं. चरवी हातातनं निसटायला बघते. सगळे वात म्हणतात, तेल चोळलं, मेडिकलमधनं गोळ्या आणल्या, तेवढ्यापुरतं थांबतं. – एक वाचक, करवीर तालुका

ताई, आपल्याकडं हात दुखला की वात, पाय दुखला तरी वातच, आणि त्या नादात वर्ष जातं. आधी एक बघा, मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांत येतात? अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू, आणि करंगळी चांगली, असं असेल तर मनगटात नस दबत असणार, डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातनं बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि एक नस जाते. रोज धार काढून कंडरा सुजल्या की नसेला जागाच उरत नाही. झोपेत मनगट मुडपलं जातं, म्हणून रात्री जास्त. करंगळीत मुंग्या असतील तर मात्र कोपराजवळची नस बघावी लागते, आणि मान दुखून कळ हातात उतरत असेल तर मान.

पहिला उपाय स्वस्तातला आहे, मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून झोपायचं, दीड महिना तरी, दोन दिवस बांधून काय फरक नाही म्हणून सोडायचा नाही. शुगर, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या, यातलं काही बिघडलं असेल तरी हात असाच बधिर होतो. धार अंगठा मुडपून ओढत असाल तर ती सवय मोडा, पूर्ण मुठीनं काढा (म्हशीच्या सडालाही तेच बरं) आणि एक वेळची धार घरातल्या दुसऱ्या कुणीतरी काढू दे की, चार म्हशी काय तुमच्या एकटीच्या आहेत? एवढं करून नाही थांबलं तर नसेची तपासणी करतात, मग मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन, नाहीतर छोटं ऑपरेशन, तेवढाच भाग बधिर करून करतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग बसका दिसायला लागला असेल तर मात्र पट्ट्यावर दिवस काढू नका, लगेच हाडांच्या डॉक्टरला दाखवा. आणि त्या मेडिकलच्या गोळ्या, मनानं महिनोन्महिने घेतल्या की पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो, हाताचं दुखणं तिथंच राहतं.

प्रश्न : हुपरीत चांदीचं काम करतो, शुगर आहे. सकाळी अनामिका मिटलेलीच अडकते, दुसऱ्या हातानं ओढली की कट्‌कन उघडते. – एक वाचक

दादा, हे ट्रिगर फिंगर. कंडरेवर गाठ येते आणि ती तळहातातल्या कडीतनं सरकताना अडकते. दिवसभर पक्कड, कानस घट्ट धरणाऱ्यांना होतं, शुगरवाल्यांना तर जास्तच. अवजारांच्या मुठी कापड गुंडाळून जाड करा, ओढून ओढून कटकट वाजवत बसू नका. एका इंजेक्शनवर बऱ्याच जणांचं भागतं, पण त्यानंतर काही दिवस शुगर चढते, तेव्हा डॉक्टरला शुगरचं आधीच सांगा. नाहीच भागलं तर ती कडी कापून मोकळी करतात, काम थोडक्यात होतं.

प्रश्न : आईचं वय ६२. दोन्ही हातांच्या बोटांची मुळं सुजलीत, सकाळी दोन तास मूठच वळत नाही. वयामुळं असेल का? – एक वाचक, इचलकरंजी

वयाची झीज असती तर आखडलेपणा सहसा अर्ध्या तासात सुटला असता, आणि ती बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांत नाहीतर अंगठ्याच्या मुळाशी जास्त दिसते. तुम्ही लिहिलंय ते आमवाताकडं, म्हणजे रूमॅटॉइडकडं झुकतंय, यात उशीर झाला की सांधे वाकडे होतात आणि मग ते परत सरळ होत नाहीत, तेव्हा याच महिन्यात संधिवाताच्या डॉक्टरला दाखवा. आरए फॅक्टर ही रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका, अँटी-सीसीपी ही दुसरी तपासणी पण करतात. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू केलं तर ती गोळी आठवड्यातनं एकदाच असते, वार ठरवून कॅलेंडरवर लिहा, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. अधूनमधून रक्त तपासायला बोलावतील, तेही चुकवू नका.