मेलबर्नच्या घरावरचा १६ वर्षं जुना कॅव्हेट कोर्टातून कसा काढायचा?

तुमचा प्रश्न असा की घर विकायला काढलंय आणि नूतनीकरण करणाऱ्या बिल्डरने थकलेल्या बिलापोटी १६ वर्षांपूर्वी टाकलेला कॅव्हेट (मालमत्तेवर आपला हक्क असल्याची दावेदाराने केलेली नोंद) टायटलवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, अजून दिसतोय. तो एव्हाना आपोआप संपला नाही का?

नाही. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खालचा कॅव्हेट ९० दिवसांत संपतो, त्यामुळे हा घोळ होतो. नाव एकच, प्रकार वेगळा. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यातला कॅव्हेट कुणी हलवला नाही तर वर्षानुवर्षं बसून राहतो. मात्र जुना झाला म्हणून त्याला बळही येत नाही.

आधी टायटल सर्च (मालकीच्या नोंदीचा ताजा उतारा) आणि मूळ कॅव्हेटची प्रत काढा. त्यात ‘दाव्याचा आधार’ काय लिहिलाय ते बघा. नुसती उधारी म्हणजे जमिनीत हक्क नव्हे. करारात घरावर चार्ज (पैशांसाठी घर तारण) देणारं कलम नसेल, तर कॅव्हेट मुळातच लंगडा. असेल, तर तारखा मोजा: साध्या करारातल्या येण्याला ६ वर्षांची मुदत, चार्जने सुरक्षित मुद्दलाला १५ वर्षांची. ही मुदत पैसे देय झाल्यापासून मोजतात, कॅव्हेटच्या तारखेपासून नाही. म्हणून ‘थोडे पैसे देतो, मिटवू’ असं सही करून लिहू नका. कर्जाची लेखी कबुली किंवा अंशतः फेड झाली तर मोजणी नव्याने सुरू होऊ शकते. पहिलं पत्र वकिलाकडूनच जाऊ द्या.

पत्राने काम झालं नाही तर व्हिक्टोरियाच्या ट्रान्सफर ऑफ लँड अ‍ॅक्ट, १९५८ मधले दोन रस्ते आहेत. कलम ८९अ: वकिलाच्या दाखल्यासह जमीन नोंदणीच्या रजिस्ट्रारकडे अर्ज, मग समोरच्याला किमान ३० दिवसांची नोटीस. तो गप्प राहिला तर कॅव्हेट गळतो. स्वस्त आहे, पण त्याने मुदतीत दावा लावला की तुम्ही लांबलचक खटल्यात अडकता.

विक्रीचा ताबा तोंडावर असेल तर मी कलम ९०(३) निवडेन. व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टात अर्ज आणि शपथपत्र. सोबत टायटल, करार, पत्रव्यवहार, विक्रीचा करार. आपल्या दाव्यात प्रथमदर्शनी दम आहे आणि कॅव्हेट ठेवण्याकडे सोयीचं पारडं झुकतं, हे दाखवायचं ओझं कॅव्हेट टाकणाऱ्यावर असतं, तुमच्यावर नाही. १६ वर्षं दावाच लावला नाही, ही गोष्ट इथे तुमच्या बाजूने बोलते. दाव्यात थोडा दम दिसला, तर वादाची रक्कम विक्रीच्या पैशांतून बाजूला ठेवून कॅव्हेट काढण्याचा आदेशही मिळू शकतो. ही तयारी आधीच दाखवलेली बरी.

बिल्डरची कंपनी नोंदणीतून निघून गेली असेल तर तिचे हक्क साधारणपणे आसिककडे (ऑस्ट्रेलियाची कंपनी नियामक संस्था, ASIC) जातात. मग नोटीस कुणाला द्यायची हे आधी ठरवा, नाहीतर तारीख वाया जाते.

आदेश मिळाला म्हणजे टायटल कोरं झालं असं नाही, तो लँड युज व्हिक्टोरियाकडे (राज्याची जमीन नोंदणी कचेरी) दाखल करावा लागतो. त्यानंतर त्याच माणसाला त्याच हक्कासाठी पुन्हा कॅव्हेट टाकता येत नाही. वाजवी कारणाशिवाय टाकला होता असं ठरलं, तर कलम ११८ खाली भरपाईही मागता येते, पण त्यासाठी झालेलं नुकसान कागदोपत्री दाखवावं लागेल.